घरच्या रेकॉर्डिंगमधलं डिस्टॉर्शन: ॲम्पसमोर माइक लावाच

शहापूरकर
वर्षभरात बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांनी घरी केलेली दहा-बारा रेकॉर्डिंग ऐकली. हात चांगले आहेत, ताल पक्का आहे. पण गिटार ऐकावी तर डब्यात माशी अडकल्यासारखी. सगळ्यांनी गिटार थेट लॅपटॉपला जोडलेली. माझं ठाम मत आहे की खऱ्या ॲम्पसमोर (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) माइक लावल्याशिवाय डिस्टॉर्शनला, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाला, अंग येत नाही.

मोठा ॲम्प लागत नाही. १५ वॅटचा, घरात वाजवायचा असतो तो पुरे. माइक शुअर एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक; १९६५ पासून गिटारच्या ॲम्पसमोर तोच उभा आहे. ॲम्पच्या जाळीपासून दोन बोटं लांब ठेवा. स्पीकरच्या बरोब्बर मध्यावर धरलात तर आवाज टोचतो, कडेकडे सरकवत नेलात तर मऊ आणि गडद होतो. इंचभर सरकवलं तरी फरक कळतो. दुसऱ्या कुणाला माइक सरकवायला सांगा, तुम्ही हेडफोन लावून ऐका. इक्वलायझरला हात लावायच्या आधी हे अर्धा तास करा.

वडगाव गल्ली
दादा, माइकचं सगळं मान्य, पण हे बंद खोली असलेल्यांचं झालं की. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. माइक उघडला की गिटारच्या आधी धोटाच ऐकू येतो. रात्री माग थांबतात, तेव्हा भिंतीपलीकडची म्हातारी माणसं झोपलेली असतात. मग आम्ही रेकॉर्ड करायचंच नाही काय?

आणि ती माशी लॅपटॉपमुळे येत नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही, तोच मोठा फिल्टर असतो. पोरं ॲम्पचं प्लगिन, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली ॲम्प, लावतात आणि कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या डब्याच्या आवाजाचा ठसा असलेली फाईल, लावायचा विसरतात, म्हणून सगळी खरखर उघडी पडते. १२ इंची स्पीकरचा एक चांगला इम्पल्स रिस्पॉन्स टाका आणि तीच फाईल परत ऐका. न्यूरल ॲम्प मॉडेलर तर फुकट मिळतो, खऱ्या ॲम्पचा आवाज शिकून तयार केलेली मॉडेलं त्यात चालतात. दुसरी चूक म्हणजे गिटार लाइन इनपुटला जोडणं. इंटरफेसवर, म्हणजे गिटार आणि लॅपटॉपच्या मधल्या डबीवर, हाय-झेड लिहिलेलं बटण असतं ते दाबा, नाहीतर पिकअपवर (तारांचा आवाज पकडणारी गिटारवरची कॉइल) भार पडून वरचे स्वर आधीच मरतात.

खानापूर रोड
मी वडगावच्या बाजूने. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत असतो, माइकला बाकी काही ऐकूच येत नाही.

पण तुम्ही दोघांनी गेनचा, म्हणजे डिस्टॉर्शन किती चढवायचं त्याचा, विषयच काढला नाही, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. डिस्टॉर्शन म्हणजे दाब. हळू स्वर वर येतो, मोठा खाली दबतो, पिकचा ठोका पुसला जातो. खोलीत एकट्याने वाजवताना जेवढा गेन गोड लागतो, त्याच्या निम्म्यावर रेकॉर्ड करा. मग तोच भाग दुसऱ्यांदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. जाडी दोन हातांच्या बारीक फरकातून येते. कॉपी-पेस्ट केलं तर तोच आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. मी हे दोन वर्षं चुकीचं करत होतो.

निपाणीकर
सिंगल कॉइलवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या पिकअपमध्ये एकच कॉइल आहे त्यांच्यासाठी. गेन वाढला की विजेची ५० हर्ट्झची घूंऽऽ पण तेवढीच वाढते. अर्थिंग तपासून घ्या, ट्यूबलाइट बंद करा, इन्व्हर्टरपासून लांब बसा. मग गिटार घेऊन खुर्चीत हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं सगळ्यात कमी होते, तिथेच बसून वाजवा. हंबकर पिकअपमध्ये दोन उलट्या कॉइल ती आपसात मारून टाकतात, त्यांना हा त्रास कमी.

शहापूरकर
गेनबद्दल शंभर टक्के बरोबर, ते मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. इम्पल्स रिस्पॉन्सचंही पटलं, माशीचं कारण तेच असणार. पण माझा मुद्दा उरतोच. ॲम्पसमोर उभं राहिलं की स्पीकरची हवा तारांना लागते, धरलेला स्वर विझत नाही, आपोआप फुलतो. त्यामुळे हात वेगळा चालतो. हेडफोनमध्ये हे होत नाही.

वडगाव गल्ली
मग परीक्षा घेऊ की. माझी कोरी, ॲम्प किंवा प्लगिन न लावलेली, गिटार फाईल तुमच्या ॲम्पमधून वाजवा, माइक लावा. मी तीच प्लगिनमधून काढतो. दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणू, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. निपाणीकरांनी नाव न बघता ऐकायचं.

शहापूरकर
फाईलवर नको. ती तू हेडफोन लावून वाजवलेली असणार, म्हणजे हात आधीच प्लगिनसाठी चाललेला. माझा सगळा मुद्दा तर हाताचाच आहे. तू गिटार घेऊन शहापूरला ये. एकदा ॲम्पसमोर वाजव, एकदा हेडफोन लावून लॅपटॉपवर, गेन दोन्हीकडे निम्मा. पातळी सारखी करून दोन्ही फाईली निपाणीला पाठवू.

वडगाव गल्ली
येतो. माझा इंटरफेस आणतो, दोन्ही रेकॉर्डिंग त्याच्यावरच करू.