पोटाखाली टांगलेली स्टेपनी उतरवायची कशी?

प्रश्न – गुहागरवासी
नमस्कार. गेल्या आठवड्यात चिपळूणहून घरी परतताना मार्गताम्हाने ओलांडल्यावर आमच्या गाडीचे मागचे डावे चाक पंक्चर झाले. गाडी सात आसनांची असून जुनी विकत घेतलेली आहे आणि तिची माहितीपुस्तिका आम्हाला मिळालेली नाही. जॅक व पाना डिकीतील डाव्या बाजूच्या झाकणाआड सापडले. परंतु स्टेपनी गाडीच्या पोटाखाली होती आणि ती कशी सोडवायची हे मला वा यजमानांना उमगले नाही. भर पावसात तासभर थांबल्यावर एका टेम्पोचालकाने स्वतःजवळची सळई वापरून ती उतरवली आणि नट सुटेनात म्हणून पान्यावर पाय देऊन ते सैल केले. ही सळई गाडीत कुठे असते, आणि पान्यावर पाय देणे योग्य आहे का?

उत्तर – निवृत्त चालक, चिपळूण
ताई, अशा गाड्यांत स्टेपनी साखळीवर किंवा तारेच्या दोरावर टांगलेली असते. मागचे दार उघडल्यावर उंबऱ्याजवळ एक बूच दिसेल. ते काढून आतल्या खाचेत सळईचे टोक बसवावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावे, म्हणजे चाक हळूहळू जमिनीवर येते. मग साखळीच्या टोकाची पट्टी तिरपी करून चाकाच्या मधल्या भोकातून काढून घ्यावी आणि रिकामी साखळी पुन्हा वर गुंडाळावी, नाहीतर ती रस्त्यावर घासत जाते. जॅक फिरवण्याची सळई बहुधा याच कामासाठी असते. ती दोन-तीन तुकड्यांत असल्याने जॅकजवळ नसेल, तर आसनांखाली व डिकीच्या गालिच्याखाली पाहावे.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. पाना नटावर पूर्ण बसवून त्याचा दांडा डावीकडे आडवा ठेवावा, म्हणजे खाली दाबताना नट सुटण्याच्या दिशेला फिरतो. हाताचा जोर अपुरा पडल्यास गाडीला धरून पायाने सावकाश दाब देता येतो. पान्यावर उड्या मात्र मारू नयेत. नट आवळताना पाय कधीही वापरू नये, कारण त्याने स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे, ताणले जातात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. त्यामुळे मागचे एक चाक उचलले की गाडी धरून ठेवायला मागे एकच चाक उरते. म्हणून पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडकवायचा दगड वा ठोकळा, लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

उत्तर – गॅरेजवाला, मालवण
वरील सर्व बरोबर आहे. उटीसाठी जांभ्याचा चिरा चालतो; पण जॅकखाली चिरा ठेवू नका, तो भाराने फुटतो. पावसात रस्त्याकडेची माती बसते, म्हणून हातभर लांबीची जाड सपाट फळी डिकीत असू द्यावी.

आपल्या किनाऱ्यावर खरी अडचण खाऱ्या हवेची आहे. पोटाखालची साखळी वर्षानुवर्षे न हलवल्यास गंजून अडकते, जॅकचा स्क्रू फिरत नाही आणि नट काढूनही चाक हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) चिकटून राहते. मृग लागण्यापूर्वी एकदा स्टेपनी उतरवावी, जॅकच्या स्क्रूला व साखळीला ग्रीस लावावे, स्टेपनीतील हवा तपासावी. स्टडच्या आट्यांना मात्र तेल-ग्रीस लावू नये. त्यामुळे नट प्रमाणाबाहेर आवळले जातात.

गुहागरवासी
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. सळई चालकाशेजारच्या आसनाखाली, कापडात गुंडाळलेली मिळाली. काल खळ्यात रिकामी साखळी उतरवून पाहिली, तर दोन वेढ्यांनंतर ती अडकली. तेल सोडून रात्रभर ठेवल्यावर आज सकाळी पूर्ण खाली आली. पंक्चर काढलेले चाक आता ग्रीस लावूनच वर टांगणार आहे.