फिशिंगचं प्रशिक्षण लागू पडलं, हे मोजायचं कसं?

शोधनिबंधू

प्रबंधाचा विषय: कार्यालयीन कर्मचाऱ्यांना दिलेल्या सायबर सुरक्षा प्रशिक्षणाचा परिणाम. आराखडा असा. एकाच संस्थेतले २४० कर्मचारी. आधी एक बनावट फिशिंग मेल (फसवून लिंक उघडायला लावणारा, पण निरुपद्रवी), मग ४५ मिनिटांचं ऑनलाइन प्रशिक्षण, तीन आठवड्यांनी दुसरा बनावट मेल. सोबत स्वतः तयार केलेली २४ प्रश्नांची प्रश्नावली, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी, प्रशिक्षणाआधी आणि नंतर. क्लिक-दर उतरला आणि प्रश्नावलीचे गुण वाढले की गृहीतक सिद्ध.

सांख्यिकीच्या परीक्षकांनी "नियंत्रण गट कुठे आहे?" एवढंच लिहून (म्हणजे प्रशिक्षण न मिळालेला, तुलनेसाठीचा गट) आराखडा परत पाठवला आहे. प्रश्न तीन:
१) अर्ध्या लोकांना प्रशिक्षण नाकारणं योग्य आहे का?
२) २४० पुरतील का?
३) क्लिकची नोंद मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जशीच्या तशी घेतली तर चालेल ना?

शून्यपरिकल्पना

परीक्षकांनी एका ओळीत सांगितलं ते बरोबर आहे, पण नियंत्रण गट घेऊनही एक भोक उरेल. तुमचे दोन मेल वेगळे आहेत. पहिला मेल फसवा आणि दुसरा बावळट असेल, तर प्रशिक्षण न देताही क्लिक-दर उतरेल.

हा फरक किती मोठा असू शकतो ते पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या आरोग्यसेवेत आठ महिने, दहा बनावट मेल आणि सुमारे १९,५०० कर्मचारी असा प्रयोग झाला (२०२५ साली प्रसिद्ध). ईमेलचा पासवर्ड बदला असं सांगणाऱ्या मेलवर १.८ टक्के लोकांनी क्लिक केलं, तर रजेच्या नियमांत बदल झाल्याचं सांगणाऱ्या मेलवर ३०.८ टक्के लोकांनी. संस्था तीच, लोक तेच. आणि प्रशिक्षण मिळालेले व न मिळालेले यांच्यातला सरासरी फरक होता १.७ टक्क्यांचा! मेलच्या विषयाने एवढी उलथापालथ होत असेल, तर एक आधी आणि एक नंतर या मांडणीत तुम्ही मेलच मोजाल, माणसं नाही.

उपाय सोपा आहे. अ आणि ब असे दोन मेल घ्या. प्रत्येक गटातल्या निम्म्या लोकांना आधी अ मग ब, उरलेल्यांना आधी ब मग अ. म्हणजे मेलचा अवघडपणा दोन्ही फेऱ्यांत सारखा वाटला जातो. शक्य असेल तर चार मेल घ्या. ते निवडताना निस्ट या अमेरिकेच्या मानक-संस्थेची २०२० ची 'फिश स्केल' वापरा. मेलमध्ये खोटेपणाच्या खुणा किती आहेत आणि त्याचा विषय वाचणाऱ्याच्या रोजच्या कामाशी किती जुळतो, या दोन गोष्टींवरून ती अवघडपणा ठरवते. दुसरी गोष्ट जास्त भारी पडते, आणि नेमकी तीच लोक विसरतात.

प्रश्न १: नाकारायचं नाही, उशिरा द्यायचं. दुसऱ्या गटाला शेवटचं मोजमाप झाल्यावर तेच प्रशिक्षण. संशोधनाच्या नैतिकता समितीची सहसा याला हरकत नसते.

प्रश्न २: दोन गटांत १२०-१२०. मूळ क्लिक-दर २० टक्के धरला, तर तो साडेसातच्या आसपास आला तरच ८० टक्के शक्यतेने तुम्हाला फरक दिसेल. वरचा १.७ चा आकडा आठवा. १५ वरून १० टक्के हा माफक फरक पकडायलाही प्रत्येक गटात सुमारे ६८५ लोक लागतात (सार्थकता पातळी, म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची शक्यता, ५ टक्के; दुहेरी चाचणी, म्हणजे वाढ आणि घट दोन्ही तपासणारी).

शिवाय माणसं एकेकटी वाटू नका, टीम वाटा. शेजारच्या टेबलावरचा प्रशिक्षण घेऊन आला की दुसऱ्याला सांगतोच. पण टीम वाटल्या की नमुना आणखी वाढतो. २० जणांची टीम आणि टीममधलं साम्य ०.०२ इतकं क्षुल्लक धरलं तरी नमुना वाढवायचा गुणक १ + १९ × ०.०२ = १.३८. म्हणजे ६८५ चे ९४५, साधारण ४८ टीम प्रत्येक बाजूला. २४० मध्ये हे बसत नाही. एक तर आणखी संस्था जोडा, नाहीतर प्रबंधाचा दावा लहान करा. तिसरा रस्ता मला दिसत नाही.

मेलवाहक

प्रश्न ३ चं उत्तर: नाही, अजिबात नाही.

मेल पेटीत पडायच्या आधी सुरक्षा गेटवे (येणारे मेल तपासणारी यंत्रणा) त्यातल्या लिंका स्वतः उघडून पाहतो. सॉफ्टवेअर ते क्लिक कर्मचाऱ्याच्या नावावर टाकतं. ओळखायचं कसं? मेल पोहोचल्यावर काही सेकंदांत आलेले क्लिक, एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) अनेकांच्या नावाने आलेले क्लिक, आयपी डेटा सेंटरचा असणं. यातल्या एका खुणेवर विसंबू नका. त्याऐवजी कोणीही न वाचणाऱ्या सात-आठ डमी पेट्या यादीत घाला. तिथे क्लिक दिसला की तो यंत्राचा, त्यात वाद नाही. मग त्या क्लिकचा नमुना (वेळ, आयपी, ब्राउझरची ओळख) बाकी नोंदींना लावून गाळणी करा. काही गेटवे पूर्ण ब्राउझर चालवतात, त्यामुळे 'पानावरची स्क्रिप्ट चालली म्हणजे माणूस' हाही पुरावा नव्हे. पानावर एक बटण ठेवा आणि 'बटण दाबलं' हे वेगळं मोजा.

'मेल उघडला' हा रकाना सरळ काढून टाका. तो अदृश्य चित्रावरून मोजतात, आणि ॲपलचं मेल ॲप २०२१ पासून अशी चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं.

सगळ्यात वाईट चूक मात्र पुढची. एखाद्याने मेल ओळखला आणि सुरक्षा विभागाला कळवला. तिथल्या माणसाने तपासायला लिंक उघडली. लिंकमध्ये कळवणाऱ्याचा कोड आहे, म्हणून क्लिक त्याच्याच नावावर! ज्याने सगळ्यात चांगलं काम केलं तो 'नापास'. म्हणून प्रत्येक कोडसाठी कळवल्याची वेळ आणि क्लिकची वेळ शेजारी ठेवा, आणि कळवल्यानंतरचे सुरक्षा विभागाच्या आयपीवरचे क्लिक वगळा. वगळण्याचा नियम प्रयोगाआधी लिहून ठेवा. आकडे पाहून ठरवलेला नियम हवा तसा वाकतो.

पासवर्ड साठवायचे नाहीत, क्षणभरसुद्धा. एचटीएमएल फॉर्ममधल्या पासवर्डच्या चौकटीला नेम हा गुणधर्मच देऊ नका. मग फॉर्म पाठवला तरी ब्राउझर ते मूल्य पाठवत नाही. 'काहीतरी टाइप केलं' एवढी हो-नाहीची नोंद पुरते.

आणि ओळख लपवायला मेल-पत्त्याचा नुसता हॅश (गणिती सूत्राने काढलेला कोड) पुरत नाही. संस्थेच्या पत्त्यांची यादी ज्याच्याकडे आहे तो मिनिटभरात सगळे हॅश काढून जुळवेल. गुप्त किल्ली घालून हॅश करा (एचमॅक), आणि किल्ली तुमच्याकडे नको, व्यवस्थापनाकडे तर त्याहून नको.

रजेचा_अर्ज

एक छोटी भर. सगळ्यांना एकाच वेळी मेल पाठवू नका. दहा मिनिटांत ग्रुपवर 'तो मेल खोटा आहे' असं फिरतं आणि पुढचं मोजमाप वाया जातं. चार-पाच दिवसांत, दोन्ही गटांना मिसळून पाठवा. रजेवरचे लोक छेदातून वजा करा, पण दोन्ही गटांतून एकाच नियमाने.

शोधनिबंधू

सगळ्यांचे आभार. नमुन्याचा हिशेब पाहून पोटात गोळा आला, पण आता कळला ते बरं. दोन शंका उरल्या. प्रश्नावली ठेवू का? क्रॉनबॅक अल्फा ०.८७ आला आहे. आणि आधी संमती घेतली तर लोक सावध होतात, मग बनावट मेल पाठवायचा कसा?

तराजू

अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात. एकच प्रश्न चोवीस प्रकारे विचारला तरी अल्फा उत्तम येतो. त्याचं वागण्याशी नातं आहे का, हा प्रश्न तसाच राहतो.

घरची प्रश्नावली सोडा आणि तपासलेली घ्या. एगेलमन आणि पीअर यांची २०१५ ची 'सेबिस' १६ प्रश्नांची आहे. उपकरण सुरक्षित ठेवणं, पासवर्ड, सावधपणा आणि अपडेट असे तिचे चार भाग. मोठी हवी असेल तर 'हेस-क्यू': ६३ प्रश्न, सात विषय, प्रत्येकात ज्ञान, वृत्ती आणि वागणूक. भाषांतर करून परत उलट भाषांतर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पाच ते आठ जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि त्यांना काय कळलं ते विचारा. सेबिसमध्ये लिंकवर माउस नेऊन ती कुठे जाते ते पाहण्याचा प्रश्न आहे. दिवसभर मोबाइलवर मेल वाचणाऱ्याकडे माउसच नाही. तो प्रामाणिकपणे 'कधीच नाही' म्हणेल आणि तुमच्या तक्त्यात बेफिकीर ठरेल.

तसंच प्रशिक्षणानंतर लगेच विचारलं की लोक शिकवलेलं उत्तर देतात. ते 'आठवतं का' याचं मोजमाप झालं. राइनहायमर आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात फिशिंग ओळखण्यातली सुधारणा चार महिन्यांनी टिकून होती, सहा महिन्यांनी नव्हती. तुमचे तीन आठवडे म्हणजे रंग ओला असतानाच फोटो काढणं.

संमतीबद्दल: आधी सर्वसाधारण सूचना ('येत्या सहा महिन्यांत सुरक्षेसंबंधी अभ्यास होणार आहे, नको असल्यास इथे कळवा'), तपशील लपवण्यासाठी समितीची स्पष्ट परवानगी, शेवटी प्रत्येकाला खुलासा आणि आपला डेटा काढून घेण्याची मुभा. व्यवस्थापनाला फक्त गटाचे आकडे द्यायचे, दहापेक्षा लहान टीमचे तेही नाहीत. बोनस, नोकरकपात, आजारपण ही आमिषं वर्ज्य. क्लिक-दर झकास येतो, पण विश्वास जातो.

शून्यपरिकल्पना

तराजूंशी सहमत. क्लिक-दराला जोडीदार हवा, एवढंच वाढवतो. फक्त खोटे मेल मोजले तर प्रत्येक मेलला घाबरणारा कर्मचारी आदर्श ठरतो. म्हणून खरे आणि खोटे मेल मिसळून ओळखायला देणारी एक छोटी चाचणी घ्या, २० खरे आणि २० खोटे.

समजा प्रशिक्षणाआधी खोट्यांपैकी ८० टक्के पकडले आणि खऱ्यांपैकी ३० टक्क्यांवर उगीच संशय घेतला. प्रशिक्षणानंतर ९० टक्के पकडले, पण संशय ४५ टक्क्यांवर गेला. टाळ्या वाजवायच्या आधी डी-प्राइम काढा: आधी १.३७, नंतर १.४१. खरं-खोटं वेगळं करण्याची नजर जवळपास जिथल्या तिथे. बदलला तो निकषाचा आकडा, उणे ०.१६ वरून उणे ०.५८, म्हणजे लोक सरसकट संशयी झाले. खऱ्या बिलांचे मेल पडून राहतील ते वेगळंच. कोणी १०० टक्के पकडले तर सूत्र अडतं, तेव्हा प्रत्येक मोजणीत ०.५ आणि छेदात १ मिळवायचा. हा बदल सगळ्यांना लावा, फक्त अडलेल्यांना नको.

विश्लेषणात ज्यांना प्रशिक्षण नेमून दिलं ते सगळे प्रशिक्षण गटातच, अर्धवट सोडलेले धरून. पूर्ण करणारे मुळातच काळजी घेणारे असतात. त्यांना वेगळं काढलं की प्रशिक्षणाला फुकटचं श्रेय मिळतं. मॉडेल मिश्र लॉजिस्टिक (क्लिक केलं की नाही अशा हो-नाही उत्तरांसाठीचं), व्यक्ती आणि टीम यादृच्छिक घटक. मेल चारच असतील तर मेलला स्थिर घटक ठेवा, चार आकड्यांवरून विचरण (मेला-मेलांमधला चढउतार) नीट निघत नाही.

आणि 'कळवलं' हे मुख्य मोजमाप करता येतं का बघा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी १५ महिने १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात (२०२२) क्लिकनंतर लगेच दाखवलेल्या प्रशिक्षणाने लोक जास्त सावध झाले नाहीत, पण कर्मचाऱ्यांनी बटण दाबून कळवणं ही उपयोगी आणि टिकणारी पद्धत ठरली. 'पहिली तक्रार किती मिनिटांत आली' हा आकडा टीमपातळीवरचा आहे, तेव्हा टीम किती आहेत तोच तुमचा नमुना. २४० माणसांच्या १२ टीम असतील तर निष्कर्ष काढू नका, फक्त वर्णन करा आणि शीर्षकात 'प्राथमिक अभ्यास' लिहा. परीक्षकांना पुढचं पत्र त्या शीर्षकानेच जाऊ दे.