दुसऱ्या चित्रकाराचं बघून शिकणं कुठे संपतं आणि उचलणं कुठून सुरू होतं?

रेघोट्या:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी इथे विचारतेच. मी डिजिटल इलस्ट्रेशन शिकतेय, कुठल्याही क्लासशिवाय, आपलं आपण. एका इलस्ट्रेटरचं काम मला प्रचंड आवडतं (नाव मुद्दाम देत नाहीये), तिची ती मध्येच जाड मध्येच बारीक होणारी रेष, सावलीत काळा अजिबात न वापरता जांभळट निळा भरणं, चेहऱ्यांची जरा लांबट ठेवण, सगळंच. तिची चित्रं समोर ठेवून मी सेम टू सेम काढायचा प्रयत्न करत आलेय आणि त्यातून जेवढं शिकले तेवढं कुठल्याच ट्युटोरियलमधून नाही शिकले. आता झालंय असं की स्वतःच्या विषयावर, काहीही न बघता काढलं तरी ते तिच्यासारखंच दिसतं. परवा असंच एक चित्र टाकलं तर खाली एकाने लिहिलं ही सरळ चोरी आहे, आणि दुसऱ्याने विचारलं की हे एआयकडून काढून घेतलंय का. दुसरं जास्त लागलं.

तर स्टाईल कोणाच्या मालकीची असते का? कॉपी करून केलेला अभ्यास पोस्ट करावा की नाही? आणि हे जे हातात भिनलंय ते काढून टाकायचं असतं का, असेल तर कसं? मनापासून विचारतेय.

तैलरंग:
चोरी वगैरे काही नाही, ते आधी डोक्यातून काढा. चित्रकला कॉपी करूनच शिकली जाते, शेकडो वर्षं तसंच चालू आहे. लूव्र म्युझियम १७९३ साली उघडलं तेव्हापासून तिथे चित्रकार इझल लावून समोरच्या चित्राची प्रत काढत बसतात, आजही रीतसर परवाना घेऊन बसतात. आणि अटी बघा काय आहेत, प्रत मूळ चित्राच्या मापाची नको, लहान किंवा मोठी हवी, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. म्हणजे रचना घ्या, रंग घ्या, ब्रश कसा फिरलाय ते घ्या, फक्त बघणाऱ्याची फसवणूक होता कामा नये.

ह्याच्याही खूप आधीची गोष्ट, १५०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मार्कांतोनियो राइमोंदी ह्या इटालियन कोरीवकाराने ड्यूरर ह्या जर्मन चित्रकाराच्या लाकडी ठशांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून नकला काढल्या, ड्यूररच्या त्या प्रसिद्ध ए-डी ह्या आद्याक्षरांच्या खुणेसकट. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलंय की ड्यूरर तक्रार घेऊन व्हेनिसला गेला आणि त्याच्या पदरात पडलं ते एवढंच, की राइमोंदीने ती खूण वापरायची नाही. नकला काढण्याबद्दल काहीच नाही. पुढे ह्याच राइमोंदीने राफाएलच्या रचनेवरून कोरलेल्या एका चित्रातल्या कोपऱ्यातल्या तीन आकृत्यांची बैठक माने ह्या फ्रेंच चित्रकाराने १८६३ साली उचलली आणि गवतावर बसलेल्या मंडळींचं ते चित्र केलं ज्यावरून पॅरिसमध्ये केवढा गदारोळ झाला. गदारोळ नग्नतेवरून झाला हां, उचलण्यावरून नाही. तेव्हा निवांत काढत राहा.

मसुदा:
कायद्याचं थोडक्यात सांगतो. कॉपीराइट स्टाईलवर नसतो, जवळपास कुठल्याच देशात नसतो. कल्पना, पद्धत, तंत्र हे मोकळं असतं, संरक्षण मिळतं ते त्या विशिष्ट चित्राला. त्यामुळे जांभळी सावली कोणाचीच मालमत्ता नाही. पण तिचं एखादं चित्र समोर ठेवून हुबेहूब काढलेली प्रत विकायला लागलात तर तो वेगळा विषय झाला.

आणि "मी त्यात बदल केलेत" एवढं म्हणून सुटका होतेच असं नाही. अँडी वॉरहॉल ह्या अमेरिकन चित्रकाराचं प्रकरण वाचा. लिन गोल्डस्मिथ नावाच्या फोटोग्राफरने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला, १९८४ मध्ये एका मासिकाने ४०० डॉलर देऊन तो एकदाच रेफरन्स म्हणून वापरायची परवानगी घेतली, वॉरहॉलने त्यावरून एक चित्र करायच्या ऐवजी १६ केली. २०१६ साली प्रिन्स गेल्यावर त्यातलंच केशरी रंगाचं एक मासिकाला छापायला दिलं गेलं, वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले आणि गोल्डस्मिथला काहीच नाही, नावसुद्धा नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मे २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ असा निकाल गोल्डस्मिथच्या बाजूने लागला. वॉरहॉलने रंग बदलले, चेहरा सपाट केला, सगळं खरं, पण मासिकात प्रिन्सचं चित्र छापायला देणं हेच फोटोग्राफरचंही काम होतं, म्हणजे दोघांचा वापर एकाच जागी येत होता. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो तो ह्यासाठी, की कोर्टाने नुसतं चित्राकडे नाही बघितलं, ते कुठे आणि कशासाठी वापरलं गेलं ते बघितलं.

शाईचा_डाग:
तैलरंग, तुमचं वाचून छान वाटलं पण मला पूर्ण पटलं नाही. राफाएल आणि राइमोंदी मानेच्या आधी तीनशे वर्षं होऊन गेले होते, त्यांचं घर त्या चित्रांवर चालत नव्हतं. रेघोट्या ज्या बाईंबद्दल बोलतायत त्या आज काम करतायत. मी स्वतः ह्याच धंद्यात आहे आणि "आम्हाला अमुक एकीसारखं हवंय पण तिचं बजेट नाही" हे वाक्य क्लायंटकडून इतक्यांदा ऐकलंय की आता राग सुद्धा येत नाही, नुसतं वाईट वाटतं. ती स्टाईल सापडायला तिची वर्षं गेलेली असतात, कायदा काहीही म्हणो. त्यामुळे शिका, हवं तेवढं कॉपी करा, पण त्या स्टाईलमध्ये पैसे घेऊन काम करायला लागायच्या आधी थांबा, एवढं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

दुसऱ्या कमेंटचं म्हणाल तर लोक उगाच संशयी झालेले नाहीत. २०२२ मध्ये लायन-५बी नावाचा डेटासेट आला, त्यात ५८५ कोटी चित्रांच्या लिंका आणि त्यांची वर्णनं होती, इंटरनेटवरून गोळा केलेली, ज्यांची चित्रं त्यांना कोणी विचारलं नाही. त्यातल्याच भागांवर चित्रं काढणारी एआय मॉडेल्स शिकवली गेली आणि लोक प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकारांची नावं टाकून त्यांच्यासारखी चित्रं मिनिटात काढायला लागले. जानेवारी २०२३ मध्ये तीन चित्रकारांनी अशी मॉडेल्स चालवणाऱ्या कंपन्यांवर कोर्टात दावा लावला. त्याच वर्षी शिकागो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ग्लेझ नावाचं टूल काढलं, ते चित्रात डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत असे बदल करतं म्हणजे मॉडेलला ती स्टाईल नीट पकडता येत नाही. चित्रकारांवर आपली चित्रं अशी चिलखत घालून बाहेर पाठवायची वेळ आलीये. अशा वातावरणात कोणाच्या तरी स्टाईलशी तंतोतंत जुळणारं चित्र दिसलं की माणसं आधी भडकतात मग विचारतात. तुमच्यावर तो अन्यायच आहे, पण कुठून आलाय तो एवढं कळावं म्हणून सांगितलं.

रेघोट्या:
बापरे, केवढं लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. शाईचा_डाग, तुमचं म्हणणं मनाला भिडलं, तिचं काम हिसकावून घ्यायचा विचार स्वप्नातही नाही. पण मग माझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे. मला आता माझं स्वतःचं काढायचंय आणि हात ऐकत नाहीये, पेन टेकवला की तिचीच रेष येते. काय करू?

जुना_कॅनव्हास:
ह्याचं उत्तर मला व्हॅन गॉगमध्ये सापडलं. १८८९-९० मध्ये तो फ्रान्समधल्या सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात होता तेव्हा त्याने मिले ह्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसएक चित्रं केली. राजरोस कॉपी, भाऊ थिओला पत्रात लिहून सांगितलेली. पण त्याच्यासमोर मिलेची मूळ चित्रं नव्हती, काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या. रंग त्यात नव्हतेच, ते सगळे त्याला स्वतःला ठरवावे लागले. तो म्हणतो की वादक दुसऱ्याची रचना वाजवतो तेव्हा त्यात स्वतःचं काहीतरी घालतोच ना, तसंच हे. आणि ती चित्रं बघून कोणीही सांगेल की ही व्हॅन गॉगची आहेत.

आता तुमचं बघा. तुमच्या समोर असतं ते पूर्ण झालेलं चित्र, रेष ठरलेली, सावलीचा रंग ठरलेला, चेहऱ्याची ठेवण ठरलेली. तुम्हाला ठरवायला काही उरतच नाही, म्हणून हाताला फक्त तिचे निर्णय पाठ झालेत. तर समोरच्या चित्रातून काहीतरी काढून घ्या. तिचं चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून ठेवा आणि रंग तुमचे भरा, सुरुवातीला घाण दिसेल, दिसू दे. नाहीतर चित्र नीट निरखून बघा, बंद करा आणि आठवणीतून काढा. जे आठवत नाही ती जागा तुम्ही कशी भरता ते बघा, तिथे तुमचा हात सापडतो.

आणि अजून एक, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. ती कोणाकडून शिकली ते शोधा. कलाकार मुलाखतीत, पोस्टमध्ये सांगत असतात स्वतःचे आवडते कोण ते. थेट त्या लोकांची चित्रं घेऊन बसा. तुम्हाला जे तिचं वाटतं त्यातलं बरंच तिथे दिसेल आणि तुमचं लक्ष तिथे भलत्याच गोष्टीकडे जाईल जिच्याकडे तिचं गेलं नव्हतं. एकाच माणसाची कॉपी केली की त्याची सावली होते, सात-आठ जणांची केली की ते एकमेकांशी भांडायला लागतात आणि मग निवडावं तुम्हालाच लागतं. सोबत रोज थोडं समोरची वस्तू, समोरचा माणूस बघून काढा, जिथे कोणाचीच स्टाईल मध्ये नाही. जांभळी सावली आवडते तर ठेवा की, पण एकदा खऱ्या सावलीत बसून बघा तिथे कुठला रंग दिसतोय.

मसुदा:
जुना_कॅनव्हास +१. एआयच्या आरोपाबद्दल एक व्यवहारी गोष्ट, लेअर्स असलेली मूळ फाईल कधी डिलीट करू नका आणि ड्रॉइंग ॲपमध्ये टाइमलॅप्स रेकॉर्डिंगची सोय असेल तर कायम चालू ठेवा. वाद घालत बसण्यापेक्षा व्हिडिओ टाकायचा.

तैलरंग:
शाईचा_डाग, हयात चित्रकाराचा मुद्दा मान्य, मी तो धरला नव्हता. पैशाचं काम तुम्ही म्हणता तसं वेगळं ठेवावं. अभ्यास मात्र लपवू नये असंच अजूनही वाटतं, नावासकट टाकावा.

शाईचा_डाग:
हो, टाकावाच. फक्त "अमुक यांच्या चित्रावरून अभ्यास" हे कॅप्शनमध्ये लिहून भागत नाही, चित्राच्या आतच कोपऱ्यात लिहा. कोणीतरी स्क्रीनशॉट घेऊन पुढे पाठवतं तेव्हा कॅप्शन मागेच राहते आणि नाव गळतं. आणि त्या बाईंच्या प्रोफाइलवर एकदा बघून घ्या, बरेच जण स्टडी पोस्ट केलेले चालतात की नाही ते स्पष्ट लिहून ठेवतात, नसेल लिहिलं तर सरळ मेसेज करून विचारा.