थर्ड शिफ्ट करून आल्यावर दिवसा झोप लागत नाही, काय करू?

वडगाववाला:
मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. आठवड्याला पाळी बदलते. थर्ड झाली की सेकंड, मग फर्स्ट, परत थर्ड. थर्ड सुटली की सात वाजता तिसऱ्या रेल्वे गेटवरनं घरी. गच्चीवर जरा ऊन खात आईच्या हातचा कडक चहा घ्यायचा, मग आडवं व्हायचं. पण झोप येते कुठली! शेजारी यंत्रमाग, खटाखट सुरूच. त्यात भाजीवाली, कुरियरवाला. दुपारी उठलो की डोकं जड. पहाटे चारच्या सुमाराला कामावर डोळे मिटालेत, आणि समोर वितळलेलं लोखंड. एकजण म्हणाला मेडिकलमधनं गोळी घे. घेऊ काय?

शहापूरकर:
चहा कमी कर बघ. नाहीतर आमचे भावोजी एक पेग मारून झोपतात, लागते की झोप.

निवृत्त सिस्टर:
बाळा, पेगचं मनावर घेऊ नकोस. दारूनं डोळा लवकर मिटतो, पण पुढची झोप तुटक होते. आणि चिठ्ठीशिवाय गोळी तर नकोच. तिची गुंगी उतरली नसताना भट्टीसमोर उभा राहणार आहेस काय?

वॉर्डात नाईट ड्युटी करत म्हातारी झाले, म्हणून सांगते. तुझी गच्ची आधी बंद कर. आपल्या अंगातलं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की ते म्हणतं, उठ, दिवस झाला. थापा नाहीत, २०१७ चं वैद्यकाचं नोबेल या घड्याळावरच्या कामालाच मिळालंय. वर तो कडक चहा. त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, म्हणजे दुपारी बारालाही तू चहाच पितोयस. शेवटचा कप रात्री एक-दीडपर्यंत, नंतर पाणी.

येताना गॉगल लाव. पण गाडीवरच डोळे मिटत असतील तर निघूच नकोस. कंपनीतच वीस मिनिटं पाठ टेक, मग नीघ.

खोलीत अंधार हवा. मी खिडकीला जाड चादर दुहेरी करून खिळ्यांनी ठोकली होती. तरी वरच्या फटीतनं उजेडाची रेघ नेमकी उशीवर यायची. तिथं शेवटी तरुण भारतचं पान चिकटवलं, तेव्हा कुठं जमलं. मागाला इलाज नाही. कानात बोळे घाल आणि पंखा मोठा ठेव, त्याच्या घरघरीत खटखट बुडते. बेल बंद, फोन आईकडे. रात्री दोनला तुमच्या घरात कुणी भाजी घेतं काय? मग तुझ्या रात्रीलाही घेऊ नये, एवढं घरच्यांना सांग.

सगळी मिळून सात तास तरी झोप हवी. सलग होत नसेल तर सकाळी पाच तास आणि ड्युटीला जायच्या आधी संध्याकाळी एक झोप काढ. आम्ही तसंच करायचो.

अजून एक. तुमची पाळी उलटी फिरते. फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी फिरली तर अंगाला सोपं जातं. झोप पुढं ढकलणं जमतं, अलीकडं ओढणं जड जातं. सुपरवायझरला विचारून तर बघ, त्यांचा एक पैसा जात नाही.

वडगाववाला:
सिस्टर, गॉगल आजपासनंच लावतो. पाळीचं सगळे मिळून विचारतो. अजून एक विचारायचं राहिलं. बायको म्हणते मी लई घोरतो, आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो. मग दचकून परत सुरू. ते दमल्यामुळं असणार न्हवं?

शहापूरकर:
दमलेला माणूस घोरणारच की.

निवृत्त सिस्टर:
नाही हो शहापूरकर. घोरणं वेगळं, श्वास थांबणं वेगळं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घसा मिटतो, हवा जात नाही, म्हणून मेंदू सारखा जागा होतो. आठ तास लोळला तरी माणूस शिणलेलाच उठतो. अशानं बीपीही चढतं. तुझं बीपी कधी बघितलंयस?

वडगाववाला:
मागं कंपनीत बघितलं होतं. वरचं दीडशेच्या पुढं म्हणाले. उन्हातनं आलास म्हणून असेल म्हणाले.

निवृत्त सिस्टर:
मग गॉगल नंतर. आधी कान-नाक-घशाच्या नाहीतर छातीच्या डॉक्टरकडं जा. झोपेची तपासणी करावी लागेल काय ते विचार, आणि बीपीचंही सांग. जाताना बायकोला बरोबर ने. श्वास थांबलेला तिनं बघितलाय, तू तर झोपेत होतास.