प्रतिसाद: डिस्कसची पिल्लं खुंटतात तेव्हा

डिस्कस या काचेच्या टाकीत पाळायच्या माशाची दोन पिल्लं ठेवलीत, ती खातात पण वाढत नाहीत, डोळे तेवढे मोठे दिसतात, असा प्रश्न आलाय. खुंटलेल्या डिस्कसची खूण हीच. औषधं नंतर, आधी पाणी बघा. या वयात दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खाणं लागतं, म्हणजे घाणही तितकीच. रोज निदान एक तृतीयांश पाणी बदलाच. तळाला वाळू नको, उघडी काच बरी. उरलंसुरलं लगेच पाइपने ओढून घेता येतं.

आपल्या इंदूरात नर्मदेचं नळाचं पाणी चालतं, फक्त क्लोरीन काढून घ्या. बोअरचं जड असलं तरी टाकीत पैदास झालेली पिल्लं बहुधा सरावतात. पीएचसाठी (पाण्याच्या आम्लतेचं माप) रोज औषधाचे थेंब टाकत बसू नका, तो स्थिर राहणं महत्त्वाचं. थंडीत मात्र साठवणीच्या ड्रमातही हीटर हवा. टाकीत २९ अंश आणि वरून डिसेंबरचं गार पाणी ओतलं, की पिल्लं काळवंडून कोपऱ्यात!

आणि दोनच का ठेवलीत? दांडगं पिल्लू दुसऱ्याला खाऊच देत नाही. पाच-सहा एकत्र असली की दादागिरी वाटली जाते. बीफ हार्ट, म्हणजे गुरांच्या हृदयाचं मांस, खाऊ घातल्यावाचून वाढ नाही असं म्हणतात, ते मला पटत नाही. चांगले दाणे, जोडीला गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), एवढं पुरतं.