स्टेशनाबाहेर सायकलींना बंद लॉकर हवेत की राखणदार असलेला स्टँड?

मुलुंड_पूर्व
मुंबईत स्टेशनापर्यंत सायकलने जायला लोक तयार आहेत. ती दिवसभर ठेवायची कुठे, इथेच घोडं अडतं. रेलिंगला बांधून गेलं तर संध्याकाळी सीट गायब, दिवा गायब. वायरचं कुलूप तर साध्या कटरने तुटतं. जुलैत उघड्यावर राहिलेली चेन बघता बघता गंजते. म्हणून प्रत्येक लोकल स्टेशनाबाहेर बंद लॉकर हवेत असं माझं ठाम मत आहे. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या बार्ट रेल्वेच्या स्थानकांवर ते आहेत. कार्डाने उघडतात, भाडं तासाला काही सेंट. सायकल, हेल्मेट सगळं आत.

दादरचा_चाळकरी
जागा दाखवा. सायकल पावणेदोन मीटर लांब असते. पाचरीच्या आकाराच्या दोन पेट्या उलटसुलट जोडल्या तरी तेवढी लांबी लागणारच. दादर पश्चिमेला माणसाला पाऊल ठेवायला जागा नाही, तिथे लोखंडी पेट्या कुठे मांडणार? नेदरलँड्समध्ये उट्रेख्त स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. पहिले २४ तास फुकट. तिथेसुद्धा दुमजली रॅक आहेत आणि लक्ष ठेवायला माणसं आहेत. आपल्याला टोकन देणारा स्टँडवाला पुरे. डबेवाल्यांच्या, वॉचमनच्या जुन्या सायकलींना कार्ड आणि ॲपचा काय उपयोग?

रात्रपाळी_भांडुप
स्टँडवाला रात्री दहाला कुलूप लावून घरी जातो, त्याचं काय? मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दुपारची पाळी संपवून शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने येते. त्या वेळी जवळचं भाडं रिक्षावाले घेत नाहीत. सायकल हाताशी असली तर दहा मिनिटांत घरी पोचते, नाहीतर अंधारातून चालत. राखणदार तिन्ही पाळ्यांना ठेवणार असाल तर माझा लॉकरचा आग्रह नाही. पण तो पगार कोण देणार, तेही सांगा.

रोजचा_प्रवासी
जागा आणि पैसा या नंतरच्या गोष्टी. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, ते या शहराने भोगलंय. स्टेशनाच्या दाराशी, आतलं न दिसणाऱ्या शेकडो पेट्या? माझा साफ विरोध.

मुलुंड_पूर्व
@रोजचा_प्रवासी, ही भीती रास्त आहे. म्हणूनच आरपार दिसेल अशा जाळीच्या दाराचे लॉकर घ्यायचे आणि कार्ड ओळखपत्र बघूनच द्यायचं. @चाळकरी, लॉकर एकेका माणसाच्या नावावर करायचा नाही. बार्टवर पूर्वी किल्लीचे लॉकर एकेकाला राखून दिलेले असायचे. तो माणूस आला नाही की पेटी दिवसभर रिकामी. तासावर दिला की तीच पेटी सकाळी एकाला, रात्री दुसऱ्याला.

दादरचा_चाळकरी
रात्रपाळीताईंचं पटलं. उशिरा येणाऱ्यांसाठी थोडे लॉकर ठेवा, बाकी सगळे रॅक. पण त्यासाठी फुटपाथची एक वीतही देणार नाही. जागा पे अँड पार्कमधून काढा. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात.

रोजचा_प्रवासी
जाळी असली तरी आत ठेवलेली बॅग रोज कोण तपासणार? ते ठरेपर्यंत माझं मत तेच. उघडे रॅक, कॅमेरा आणि माणूस.

रात्रपाळी_भांडुप
माणूस म्हणजे रात्री एकपर्यंत ना? तेवढं लिहून द्या, मग रॅकलाही माझं मत.