चरबी घटवणे आणि स्नायू वाढवणे एकाच वेळी साधता येते का?

प्रश्न

माझे वय ३४ वर्षे, उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. काही महिन्यांपासून मी आहाराची नोंद ठेवतो आहे आणि त्या नोंदींप्रमाणे दिवसाला सुमारे १४०० कॅलरी पोटात जातात. आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास धावतो आणि तीन दिवस डंबेलचा व्यायाम करतो. सुरुवातीला वजन भराभर उतरले, परंतु आता ते एकाच आकड्यावर अडले आहे. पोट अजून सुटलेलेच आहे, हातांना आकार आलेला नाही आणि संध्याकाळपर्यंत फार थकवा येतो. डंबेलची वजने पहिल्या महिन्यात होती तीच आजही आहेत. चरबी कमी होणे आणि स्नायू वाढणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात का, की आधी एक आणि मग दुसरी असे करावे लागते? खाणे आणखी कमी करावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, आणि तुमच्यासारख्या व्यक्तीच्या बाबतीत तशी शक्यता चांगली आहे. स्नायू बांधण्यासाठी शरीराला ऊर्जा आणि प्रथिने ही दोन्ही लागतात, पण ती ऊर्जा ताटातूनच आली पाहिजे असे नाही. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. हा साठा भरपूर असेल, प्रथिने पुरेशी मिळत असतील आणि वजनांच्या व्यायामातून स्नायूंना वाढण्याचे कारण मिळत असेल, तर शरीर साठ्यातली ऊर्जा वापरून नवे स्नायू उभारू शकते. ज्यांच्या अंगावर मुळात चरबी कमी आहे आणि जे अनेक वर्षे कसून व्यायाम करत आले आहेत, त्यांच्यात हा बदल इतका मंद होतो की त्यांनी दोन टप्पे वेगळे ठेवणेच सोयीचे ठरते.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. वजन जास्त असलेल्या तरुण पुरुषांचा आहार गरजेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी केला आणि चार आठवडे त्यांच्याकडून कठोर व्यायाम करून घेतला. एका गटाला शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम प्रथिने दिली, तर दुसऱ्याला २.४ ग्रॅम. कमी प्रथिनांच्या गटाने आपले स्नायू जवळजवळ जसेच्या तसे राखले आणि सुमारे साडेतीन किलो चरबी गमावली. जास्त प्रथिनांच्या गटाची चरबी पावणेपाच किलोंहून थोडी अधिक घटली आणि शिवाय चरबीविरहित वजनात सव्वा किलोच्या आसपास भर पडली. हे सारे देखरेखीखाली आणि थोड्याच काळासाठी झाले होते, त्यामुळे ४० टक्क्यांची कपात कोणी घरी करू नये. प्रथिनांमुळे पडलेला फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे.

तुमचे वय, उंची आणि वजन पाहता विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला दिवसाला साधारण १७३० कॅलरी लागत असाव्यात, आणि हालचाल व व्यायाम धरला तर ही गरज २६०० च्या जवळपास जाते. म्हणजे १४०० कॅलरींचा आहार तुमच्यासाठी फारच तुटपुंजा आहे आणि तो आणखी कमी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे २१०० कॅलरी घ्या, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा किंचित कमी घट होईल. दर किलोमागे १.६ ग्रॅम हे प्रमाण धरले तर प्रथिने १३० ग्रॅमच्या आसपास येतात. ती एकाच जेवणात न कोंबता तीन-चार वेळांत वाटून घ्यावीत. अंडी, मासे, दूध, कडधान्ये, सोयाबीन यांपैकी तुम्हाला जे चालते त्यातून ती मिळवता येतील. जेवणातून भागत नसेल तरच पावडरीचा विचार करावा.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादातील हिशेब मला मान्य आहे, पण खाणे थेट २१०० कॅलरींवर नेण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. २६०० ची गरज असलेला माणूस खरोखर १४०० कॅलरी घेत असेल, तर त्याचे वजन महिनोन्‌महिने अडून राहत नाही. त्यामुळे आधी नोंदी तपासायला हव्यात. आपण कमी खातो तरी वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांवर १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आणि त्यात त्यांचा प्रत्यक्ष आहार आणि त्यांनी सांगितलेला आहार यांत सरासरी ४७ टक्क्यांची तफावत आढळली. ती माणसे खोटे बोलत होती असे समजण्याचे कारण नाही. अंदाजाने ठेवलेल्या नोंदी अशाच चुकतात. स्वयंपाकात पडलेले एक मोठा चमचाभर तेल सुमारे १२० कॅलरींचे असते, आणि ते बहुतेकांच्या नोंदीत येतच नाही. पेये, चव घेताना तोंडात टाकलेले घास आणि सुट्टीच्या दिवसांचे जेवण यांचेही तसेच होते.

दोन आठवडे प्रत्येक पदार्थ शिजवण्यापूर्वी काट्यावर मोजा, तेलसुद्धा. खरा आकडा २२०० किंवा २३०० निघाला, तर खाणे वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही; तेवढ्याच कॅलरींमध्ये प्रथिनांचा वाटा वाढवणे आणि स्निग्ध पदार्थ थोडे आवरणे पुरेसे होईल. खरोखरच १४०० निघाला, तर पहिल्या प्रतिसादातील सल्ला योग्य आहे. त्या स्थितीत शरीर नकळत दिवसभराची हालचाल कमी करते, आणि तुम्हाला जाणवणारा संध्याकाळचा थकवा त्याचाच भाग असू शकतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोजमाप उद्यापासूनच सुरू करतो. आणखी तीन शंका आहेत. इतक्या प्रथिनांमुळे मूत्रपिंडावर ताण येणार नाही का? डंबेलचे वजन न वाढवता केवळ आवर्तने (म्हणजे ते सलग किती वेळा उचलायचे ती संख्या) वाढवली तर चालेल का? आणि पोटासाठी वेगळे व्यायाम करावेत का?

तिसरा प्रतिसाद

मूत्रपिंडे निरोगी असतील तर एवढ्या प्रथिनांनी त्यांना इजा होते असे अभ्यासांत दिसलेले नाही. मूत्रपिंडाचा विकार आधीपासून असेल तर गोष्ट निराळी आहे. तेव्हा प्रथिनांची मर्यादा डॉक्टरांनीच ठरवावी. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास आहार बदलण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या घटकाची) तपासणी करून घ्यावी.

तुमच्या दुसऱ्या शंकेवर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमची अडचण बहुधा तिथेच आहे. हलक्या वजनांनीही स्नायू वाढतात; सहा आवर्तनांपासून तिसापर्यंत कोणतीही संख्या चालते. अट इतकीच की सेट (सलग आवर्तनांची एक फेरी) संपताना आणखी एखाद-दोन आवर्तनेच नीट जमतील इतके स्नायू थकलेले असावेत. तुम्ही अनेक महिने तीच वजने, बहुधा तितक्याच वेळा, उचलत आला आहात. त्या भाराला शरीर केव्हाच सरावले आहे, त्यामुळे स्नायू वाढवण्याची त्याला गरजच भासत नाही. १९४० च्या दशकात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या उपचारांत टप्प्याटप्प्याने भार वाढवण्याची पद्धत रूढ केली, आणि आजही वजनांच्या व्यायामाचा पाया तोच आहे.

प्रत्येक व्यायामासाठी आठ ते बारा आवर्तनांची कक्षा ठरवा. सर्व सेटमध्ये बारा आवर्तने नीट जमू लागली की वजन थोडे वाढवा, आवर्तने पुन्हा आठवर येऊ द्या आणि तेथून परत चढत जा. वहीत लिहून ठेवल्याशिवाय हे जमत नाही. व्यायाम निवडताना स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्टचा (जमिनीवरून वजन उचलण्याचा) एखादा प्रकार, छाती व खांद्यांसाठी ढकलण्याचे आणि पाठीसाठी ओढण्याचे व्यायाम आधी घ्या. केवळ दंडांचे व्यायाम नंतर. प्रत्येक स्नायूगटाला आठवड्यात दहाच्या आसपास कसून केलेले सेट मिळाले तर उत्तम, पण सुरुवातीला त्याहून कमी सेटही भागतात.

धावणे सोडू नका, ते हृदयासाठी मोलाचे आहे. मात्र कमी खाऊन पाच दिवस धावणे आणि त्यातच पायांचे जड व्यायाम करणे हे शरीराला झेपणारे नाही. दोन-तीन दिवस धावा आणि उरलेले दिवस चाला. पोटाच्या व्यायामांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, म्हणून ते जरूर करावेत. पण चरबी वितळून रक्तात येते ती सर्व शरीरातून, आणि कोणत्या भागातून आधी जाईल हे व्यायामावर अवलंबून नसते. बहुतेक पुरुषांचे पोट सर्वांत शेवटी उतरते.

चौथा प्रतिसाद

वजनाच्या काट्याबद्दल थोडे लिहितो. स्नायूंत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (कर्बोदकांच्या साठ्यासोबत) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे कर्बोदके किंवा मीठ थोडे जास्त झाले की एका रात्रीत किलोभर फरक दिसू शकतो. क्रिएटिन हे व्यायाम करणारे घेतात ते पूरक सुरू केल्यावरही सुरुवातीला वजन वाढते, आणि ती वाढ मुख्यतः पाण्याची असते. म्हणून सकाळी उपाशीपोटी रोज वजन करा आणि एका आठवड्याची सरासरी पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. सोबत टेपने बेंबीपाशी कमरेचा घेर मोजा. वजन स्थिर राहून घेर कमी होत असेल आणि उचललेली वजने वाढत असतील, तर तुम्हाला हवा असलेला बदल घडतो आहे. चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या घरगुती काट्यांवर विसंबू नका, कारण अंगातल्या पाण्याच्या प्रमाणानुसार त्यांचे आकडे बदलतात.

तुम्ही झोपेविषयी काहीच लिहिलेले नाही. शिकागो विद्यापीठाच्या २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तोच कमी कॅलरींचा आहार घेणाऱ्यांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात राहण्याची मुभा होती. एकूण वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले, पण कमी झोपेच्या काळात त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि उरलेली घट चरबीविरहित ऊतींची होती. पहाटे धावायला उठण्यासाठी तुम्ही झोप मोडत असाल, तर आधी ती वेळ बदला आणि मगच आहाराचे गणित पुन्हा मांडा.